पाण्यांतून काठावर

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुटींत आम्ही सहकुटुंब कोंकणांत गेलों होतों. आमचें मूळ घर खाडीपासून हांकेच्या अंतरावर आहे. माजघरांत बसलें तरी ओहोटीच्या चिखलाचा वास नाकाशीं येतो. चार भावांचा परिवार एकत्र जमला म्हणजे मुलांची गणती करणें कठीण होतें, आणि दुपारच्या वेळीं वडीलमंडळींची झोंप मोडूं नये म्हणून कोणी तरी त्यांना घराबाहेर नेणें प्राप्त होतें. तें काम त्या दिवशीं आमच्याकडे आलें. आम्ही सारी पलटण घेऊन खाडीवर गेलों. ओहोटी लागली होती, तिवरांच्या मुळांशीं चिखल उघडा पडला होता, आणि त्या चिखलावर बोटभर-वीतभर लांबीचे कांहीं जीव टुणटुण उड्या मारीत होते. डोळे बेडकासारखे, शेपूट माशाचें. एका मुलानें 'बेडूक' म्हणून ओरड केली, दुसऱ्यानें 'पाल' म्हणून. डोक्यावर पाटी घेऊन चाललेल्या एका कोळणीनें हंसून सांगितलें, "निवट्या हायत त्या. मासलीच ती." आमच्या घरांत मासे शिजत नसल्यामुळें हें नांव आम्हांसहि नवें होतें, हें कबूल केलें पाहिजे.

"मग ती पाण्याबाहेर मरत कां नाहीं?" असें आमच्या भाच्यानें विचारलें. हा मुलगा दिल्लीस राहतो व यंदा दहावींत आहे. त्याचा प्रश्न रात्रीं जेवणानंतर ओटीवर पुन्हां निघाला. आमचे थोरले काका, वय वर्षें चौऱ्यायशीं, सुपारी कातरतां कातरतां म्हणाले, "त्यांत नवल तें काय? आधीं मत्स्य, मग कूर्म, मग वराह. आपल्याकडे हें कधींच सांगून ठेवलें आहे." भाचा जरा थबकला व म्हणाला, "आजोबा, पण मासे खरोखरच जमिनीवर आले का? आमच्या पुस्तकांत तो भागच नाहीं."

मुलाचें म्हणणें खरें होतें. केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकांत पूर्वीं आनुवंशिकता आणि उत्क्रांति असा एक धडा असे. विद्यार्थ्यांवरील भार हलका करावा या हेतूनें त्यांतील उत्क्रांतीचा भाग गाळण्यांत आला, आणि २०२३ सालीं निघालेल्या पुस्तकांत केवळ आनुवंशिकता राहिली. त्या वर्षीं एप्रिलमध्यें अठराशेंहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षक यांनीं जाहीर पत्र काढून या गोष्टीस हरकत घेतली. बारावीच्या जीवशास्त्रांत तो विषय ठेवला आहे असें उत्तर मिळालें. परंतु बारावीस जीवशास्त्र घेणारीं मुलें किती, हें प्रत्येक घरांतील आईबापांनीं आपापल्या घरापुरतें मोजून पाहावें. शाळेंत जें सांगितलें जात नाहीं तें घरीं सांगावें लागतें. तेव्हां भाच्याला त्या रात्रीं व पुढचे दोन दिवस आम्हीं जें सांगितलें, तेंच येथें जरा नीट लावून देत आहों.

प्रथम निवटीची बाब निकालांत काढूं. निवटी पुढच्या दोन परांवर, कुबड्यांवर भार द्यावा तशी पुढें सरकते. कल्ल्यांच्या कप्प्यांत ती पाणी भरून घेते, आणि ओल्या कातडीनें व तोंडाच्या आंतल्या अस्तरानें हवेंतील प्राणवायु शोषून घेते. मासा जमिनीवर येऊं शकतो याचा हा जिवंत दाखला खरा. पण ती आपली आजी-पणजी नव्हे. तिचा पर उलगडून पाहिला तर आंत काड्यांचा पंखा आढळतो. आपल्या दंडांत असतें तसें हाड तेथें नाहीं. रोहू, बांगडा, पापलेट, सुरमई, किंबहुना बाजारांत येणारे बहुतेक सगळे हाडांचे मासे याच पंखा-पराच्या कुळांतले. निवटीनें चिखलाची वाट अगदी अलीकडे, आपल्या स्वतंत्र हिमतीवर धरली आहे.

आपलें कुळ दुसरें. फार प्राचीन काळीं माशांचें एक घराणें असें होतें कीं, ज्यांचे पर मांसल असत आणि पराच्या मुळाशीं एकच भक्कम हाड खांद्याला जोडलेलें असे. हें घराणें एके काळीं मोठें भरभराटीचें होतें. आज पाण्यांत त्याचे वंशज अगदी थोडे उरले आहेत: फुप्फुसानें श्वास घेणाऱ्या माशांच्या सहा जाति व 'सीलाकँथ' नांवाच्या माशाच्या दोन. बाकीचे सगळे वंशज पाण्याबाहेर आहेत. बेडूक, सर्प, कावळा, गाय आणि हा लेख वाचणारे आपण, असे सर्व त्यांत आलों.

या सीलाकँथाची हकीकत सांगितल्याखेरीज आम्हांस पुढें जाववत नाहीं. या माशाचे दगडांत उमटलेले अवशेष शास्त्रज्ञांस ठाऊक होते. पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं जे प्रचंड सरडे नामशेष झाले त्यांच्याबरोबरच हाहि मासा संपला, असें सर्वांनीं धरून ठेवलें होतें. २२ डिसेंबर १९३८ रोजीं दक्षिण आफ्रिकेंतील ईस्ट लंडन या बंदरांत मासेमारीची एक बोट लागली. त्या गांवच्या लहानशा संग्रहालयाची व्यवस्था मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर नांवाच्या एकतीस वर्षांच्या बाई पाहत असत. कांहीं चमत्कारिक मासा सांपडला तर बोटीचा कप्तान गूसन त्यांना निरोप पाठवी. नाताळ तोंडावर आलेला. खलाशांना शुभेच्छा देऊन परत फिरावें अशा बेतानें बाई गेल्या, तों माशांच्या ढिगाखालून एक निळा पर बाहेर आलेला त्यांना दिसला. ढीग बाजूस सारला, आणि पांच फूट लांबीचा, सत्तावन्न किलो वजनाचा, जाड खवल्यांचा मासा निघाला. त्याचे पर हातापायांसारखे देठावर उभे होते.

पुढचा भाग आमच्या वाचक भगिनींना विशेष पटेल. बाईंनीं मासा नेण्यासाठीं भाड्याची मोटार बोलावली, तर तो दुर्गंधी जिन्नस गाडींत घेण्यास चालक तयार होईना. कशीबशी समजूत घालून मासा संग्रहालयांत आणला, तर तेथील अध्यक्षांनीं तो साधाच मासा ठरवून वाटेस लावला. भर उन्हाळ्याचे दिवस (तिकडे डिसेंबर म्हणजे आपला वैशाख). शवागारांत ठेवूं म्हटलें तर तेथें नकार, शीतगृहांत नकार. शेवटीं औषधांत भिजवलेल्या फडक्यांत गुंडाळून त्यांनीं तो होईल तितका टिकवला आणि एक रेखाचित्र काढून ग्रॅहम्सटाउन येथील प्राध्यापक स्मिथ यांना पत्र टाकलें. स्मिथ रसायनशास्त्र शिकवीत, पण जीव माशांत. पत्र त्यांच्या हातीं जानेवारी उजाडल्यावर पडलें. 'सांगाडा व कल्ले जपून ठेवा' अशी तार आली तोंवर आंतले अवयव नासून फेंकून दिले गेले होते. फेब्रुवारींत स्मिथ स्वतः आले, पाहिलें, आणि शंकेस जागा उरली नाहीं. माशाला त्यांनीं लॅटिमरबाईंचें नांव दिलें. दुसरा नमुना मिळण्यास चौदा वर्षें लागलीं. १९५२ च्या डिसेंबरांत तो कोमोरो बेटांजवळ सांपडला तेव्हां तो कुजूं नये म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या पंतप्रधानांनीं लष्करी विमान दिलें! एका माशासाठीं राज्याचें विमान धाडणारे पंतप्रधान आम्हांस दुसरे माहीत नाहींत. पुढें १९९८ च्या सुमारास इंडोनेशियांतहि याची दुसरी जात आढळली.

सीलाकँथ हा आपला साक्षात् पूर्वज, असा त्या वेळीं फार बोलबाला झाला. तो टिकला नाहीं. २०१३ सालीं त्याच्या पेशींतील सारा आनुवंशिक मजकूर वाचून झाला, तेव्हां असें दिसलें कीं, आपलें नातें फुप्फुसवाल्या माशांशीं अधिक जवळचें आहे. सीलाकँथ म्हणजे दूरच्या शाखेंतला चुलता. फुप्फुसमासे ऑस्ट्रेलिया, आफ्रिका व दक्षिण अमेरिका या तीन खंडांत आहेत. आफ्रिकेंतील कांहीं जाति तर पाणी आटलें कीं चिखलांत बीळ करून, अंगाभोंवतीं चिकट द्रवाचें वेष्टन विणून झोंपी जातात व पुढच्या पावसापर्यंत, प्रसंगीं त्याहून कितीतरी अधिक काळ, तशाच जिवंत राहतात.

येथें एक उलटी गोष्ट सांगावयाची आहे. डार्विनसाहेबांनीं १८५९ च्या आपल्या ग्रंथांत असें म्हटलें कीं, माशाच्या पोटांतील हवेच्या पिशवीचें पुढें फुप्फुस झालें. आतां जाणते लोक नेमकें याच्या उलट मानतात. फुप्फुस आधींचें, बहुतेक माशांत त्याचीच पुढें तरंगण्याची पिशवी बनली. म्हणजे जमिनीवर पाऊल पडण्याच्या कितीतरी आधीं, गढूळ व प्राणवायु कमी असलेल्या उथळ पाण्यांत, मासे वर येऊन हवा गिळीत होते. श्वासाची तयारी प्रथम झाली, पायांची मागून. मोठ्या माणसाचीहि चूक शास्त्रांत दुरुस्त होते आणि त्यानें त्याचें मोठेपण उणावत नाहीं, हें भाच्याला मुद्दाम सांगावें लागलें. कारण 'डार्विन चुकला' एवढेंच वाक्य उचलून नाचणारे लोक पुष्कळ आहेत.

आतां पायांकडे वळूं. काळ आहे सुमारें सदतीस-अडतीस कोटी वर्षांपूर्वींचा. हा आंकडा मनांत भरणें कठीण. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली इ. स. १२९० मध्यें, त्याला ठोकळमानानें साडेसातशें वर्षें झालीं असें धरूं. तेवढा काळ पांच लक्ष वेळां मागें मोजीत गेलें म्हणजे आपण साडेसदतीस कोटींवर पोंचतों. त्या काळाला भूगर्भशास्त्रांत डेव्होनियन म्हणतात. नद्यांच्या कांठीं पहिलीं अरण्यें उभीं राहूं लागलीं होतीं, विंचू-गोमेसारखे जीव जमिनीवर आधींच येऊन बसले होते. पण पाठीचा कणा असलेला एकहि प्राणी अजून काठावर नव्हता.

पहिला मोठा शोध लागला ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यावर. १९३१ सालीं डेन्मार्कची एक मोहीम तिकडे गेली. तींत गुन्नार सावे-सोडरबर्ग नांवाचा अवघा एकवीस वर्षांचा स्वीडिश तरुण होता. त्याला एका चतुष्पाद प्राण्याच्या कवट्या मिळाल्या. त्याचें वर्णन १९३२ त प्रसिद्ध झालें व त्याला इक्थियोस्टेगा असें नांव मिळालें. चार पाय, पण शेपटीला माशासारखा पर. या तरुणास क्षयानें गांठलें व तो १९४८ त, चाळिशीहि न पाहतां वारला. काम त्याचे सहकारी एरिक यार्विक यांच्याकडे गेलें आणि त्यांनीं त्या प्राण्यावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला १९९६ मध्यें. चौसष्ट वर्षें! शास्त्रीय सावधपणाचें आम्हांस कौतुक आहे. पण एका पिढीनें उकरलेलीं हाडें पाहण्यास तिसरी पिढी उजाडावी हें कांहीं बरें नव्हे.

मधल्या काळांत केंब्रिजच्या एका बाईंनीं निराळी वाट काढली. यांचें नांव जेनी क्लॅक. विद्यापीठांत जुनीं दप्तरें चाळतां चाळतां त्यांना १९७० सालच्या एका विद्यार्थ्याची टिपणवही मिळाली. तींत ग्रीनलंडमधील अमुक डोंगरावर, अमुक उंचीवर या प्राण्यांच्या कवटीचीं हाडें विपुल आहेत, अशी एक ओळ होती. त्या ओळीच्या भरंवशावर १९८७ च्या उन्हाळ्यांत त्या तेथें गेल्या, आणि अकँथोस्टेगा नांवाच्या प्राण्याचे भरगच्च अवशेष घेऊन परत आल्या. मायकेल कोट्स या सहकाऱ्याबरोबर त्यांनीं दगड हळूहळू कोरून त्याचा हात मोकळा केला व १९९० सालीं निकाल जाहीर केला. त्या हाताला बोटें पांच नव्हतीं, आठ होतीं. इक्थियोस्टेगाच्या मागच्या पायालाहि सात निघालीं. आधींच्या चित्रांतून मात्र पांचच काढलेलीं असत, कारण चतुष्पादाला पांच बोटें असावयाचीं असें सर्वांनीं गृहीत धरलें होतें. पांच ही संख्या मागाहून स्थिर झाली. आठ-आठ राहिलीं असतीं तर दोन हातांचीं सोळा बोटें होऊन आपण सगळे सोळांनीं मोजलें असतें. १९५७ त बंद पडलेल्या सोळा आण्यांच्या रुपयाला मग कोणी नांवें ठेवलीं नसतीं, असें काकांनीं मध्येंच सुचविलें.

बोटांच्या संख्येहून महत्त्वाची गोष्ट दुसरी. अकँथोस्टेगाला पाय होते, बोटें होतीं, पण आंत माशासारखे कल्लेहि होते. मनगट इतकें दुबळें कीं शरीराचा भार त्यावर पेलणें शक्य नव्हतें. शेपूट पोहण्यासाठींच घडलेलें. म्हणजे पाय उत्पन्न झाले ते पाण्यांतच. पूर्वीं अमेरिकेंतील रोमर या पंडितांची एक कथा सर्व पुस्तकांतून सांगितली जात असे: तळीं आटलीं, मासे तडफडले, आणि दुसरें तळें शोधण्यासाठीं जे खुरडत गेले त्यांना हळूहळू पाय फुटले. कथा सुरस आहे. परंतु अकँथोस्टेगानें तिचा पाया काढून घेतला. पाय आधीं उथळ पाण्यांत, झाडांच्या पडलेल्या फांद्या व पाणवनस्पति यांच्या गर्दींतून वाट काढण्यास उपयोगी पडले. जमिनीवरचा त्यांचा उपयोग ही पुढची गोष्ट.

मासा व चतुष्पाद यांच्या मधला दुवा मात्र अजून नीट हातीं आला नव्हता. नील शूबिन, टेड डेश्लर व फॅरिश जेन्किन्स या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं त्यासाठीं केलेला विचार इतका सरळ होता कीं तो मुलांना सांगण्यासारखा आहे. अडतीस कोटी वर्षांच्या खडकांत मांसल पराचे मासे सांपडतात, साडेछत्तीस कोटींच्या खडकांत पायांचे प्राणी. तर मधल्या वयाचा, नदीच्या गाळापासून झालेला, आणि झाडाझुडपांनीं न झांकलेला खडक कोठें आहे? भूगर्भशास्त्राच्या एका पाठ्यपुस्तकांतील नकाशांत त्यांना असे तीन प्रदेश दिसले. दोन पाहून झालेले होते. तिसरा होता कॅनडाच्या अगदी उत्तरेकडील बर्फाळ बेटांचा. १९९९ पासून ते तेथें जाऊं लागले. काम करावयास उन्हाळ्याचे थोडे आठवडे. अस्वलांच्या भीतीनें बंदुका जवळ. आणि पहिल्या खेपेस हातीं फारसें कांहीं नाहीं. पैसा संपत आलेला असतां २००४ च्या जुलैंत एल्स्मिअर बेटावर, खडकाच्या भिंतींतून एका प्राण्याचें चपटें तोंड बाहेर आलेलें दिसलें. बाकीचें शरीर मागें दगडांत सुरक्षित होतें. २००६ च्या एप्रिलांत त्याचें वर्णन प्रसिद्ध झालें. त्याचें नांव टिक्टालिक. हें नांव तेथील इन्युइट लोकांच्या वडीलधाऱ्यांनीं सुचविलें. त्यांच्या भाषेंत उथळ गोड्या पाण्यांतील मोठ्या माशास तसें म्हणतात. आज हीं बेटें ध्रुवाजवळ आहेत, पण त्या काळीं तो भूभाग विषुववृत्ताच्या आसपास होता व त्यांतून उबदार पाण्याच्या नद्या वाहत होत्या.

टिक्टालिकाला खवले होते, कल्ले होते, पर होते; म्हणून तो मासा. डोकें सुसरीसारखें चपटें, डोळे वरच्या बाजूस, बरगड्या रुंद व भक्कम, आणि पराच्या आंत दंडाचें एक हाड, पुढें दोन, पुढें मनगटाचीं लहान हाडें. म्हणून तो नुसता मासा नव्हे. पण आमच्या मतें त्याचें खरें वैशिष्ट्य त्याच्या मानेंत आहे. माशाला मान नसते. त्याचें डोकें खांद्याच्या हाडांशीं जखडलेलें असतें. बाजूस पाहावयाचें तर सगळें अंगच वळवावें लागतें. पाण्यांत तें चालतें, कारण पाण्यांत अंग सहज वळतें. टिक्टालिकामध्यें कल्ल्यांवरचें हाडांचें झांकण व डोकें-खांदा जोडणारीं हाडें नाहींशीं झालीं, आणि डोकें मोकळें झालें. अंग जागच्या जागीं ठेवून नुसतें डोकें उचलणें, वळवणें, हें तोंवर आपल्या कुळांत कोणास साधलें नव्हतें. आपल्या घरांतून मानपान, मान राखणें, मान तुकवणें यांचें एवढें प्रस्थ आहे. त्या सर्वांचा मूळ पुरुष हा, असें म्हणून आम्ही मुलांना पुष्कळ हंसवलें.

मात्र टिक्टालिक हा आपला खापरपणजोबाच, असें कोणी समजूं नये. २०१० सालीं पोलंडमधील एका जुन्या खाणींत पावलांचे ठसे जाहीर झाले. ते ३९ कोटी वर्षांहून जुने, म्हणजे टिक्टालिकाच्या आधींचे! ते खरोखर पावलांचेच कीं माशांनीं तळ उकरल्याच्या खुणा, यावर वाद झडला आहे. पावलांचे ठरले तर पाय असलेले प्राणी त्याच्या पूर्वींच फिरत होते, आणि टिक्टालिक हा जुन्या वळणावर रेंगाळलेला त्याच घराण्यांतला वंशज ठरेल. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांना हें समजण्यास अडचण पडूं नये. पुतण्या काकाहून वयानें मोठा, अशीं उदाहरणें आपल्याकडे हवीं तितकीं आहेत. आणि पणजोबांची पगडी एखाद्या नातवाच्या डोक्यावरहि राहूं शकते. त्या पगडीवरून पणजोबा कसे दिसत हें कळतें, एवढ्यापुरता तो नातू साक्षीदार. क्वेबेक प्रांतांत मिगुआशा येथें सांपडलेल्या एल्पिस्टोस्टेगे नांवाच्या संबंध माशाचा पर क्ष-किरणांनीं तपासला असतां आंत बोटांचीं हाडें दिसलीं, असें २०२० त प्रसिद्ध झालें. बाहेरून मात्र तो परच होता.

काठावर यावेंसें कां वाटलें असेल? 'वाटणें' हा शब्द चुकीचा, पण दुसरा सोपा शब्द नाहीं. पाण्यांत मोठमोठे भक्षक होते. काठावर किड्यांचें अन्न होतें आणि खाणारा कोणी नव्हता, हें तर आहेच. २०१७ सालीं मॅकायव्हर व श्मिट्स यांनीं आणखी एक गोष्ट पुढें मांडली. त्यांनीं या सर्व प्राण्यांच्या कवट्यांतील डोळ्यांच्या खोबणी मोजल्या. जमिनीवर येण्याच्या आधींच डोळे सुमारें तिप्पट मोठे झाले होते व डोक्याच्या माथ्याकडे सरकले होते. गढूळ पाण्यांत मोठ्या डोळ्याचा लाभ थोडा. पण पाण्याच्या पृष्ठाबाहेर डोळे काढून हवेंतून पाहिलें तर दृष्टि कितीतरी दूर पोंचते. म्हणजे पाय काठाला लागण्यापूर्वीं नजर काठाला लागली होती. ही उपपत्ति आम्हांस मोठी हृद्य वाटते. खाडीवरच्या निवट्याहि डोळे तेवढे पाण्याबाहेर काढून बसलेल्या मुलांनीं पाहिल्याच होत्या.

जमिनीवरचा पुढचा संसार लांबचा आहे. त्यांत आम्ही शिरत नाहीं. एवढेंच कीं, पहिले चतुष्पाद अंडीं घालण्यास पाण्याकडेच परत जात, जसा बेडूक आजहि जातो. ज्यांच्या गर्भाला स्वतःच्या वेष्टनांतच पाणी मिळालें ते प्राणी खरे जमिनीचे झाले. असे प्राणी केव्हां निपजले याचा अंदाजहि २०२५ त बदलला. ऑस्ट्रेलियांत सुमारें साडेपस्तीस कोटी वर्षांपूर्वींच्या खडकावर नख्यांच्या खुणांसह पावलें मिळालीं, आणि ती तारीख एकदम साडेतीन कोटी वर्षें मागें गेली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं भाच्यानें 'पुरावा दाखवा' म्हटलें. दगड आमच्याजवळ नव्हते, हात होता. त्याचा दंड चांचपून दाखवला: एक हाड. कोपरापुढें दोन. मनगटाशीं लहान हाडांची गांठोडी, मग बोटें. बैलाच्या पायांत, वटवाघळाच्या पंखांत, पाण्यांत परत गेलेल्या देवमाशाच्या वल्ह्यांत हीच मांडणी. हें साम्य रिचर्ड ओवेन यांनीं १८४९ सालींच पुस्तक लिहून दाखवलें होतें. गंमत अशी कीं पुढें डार्विनला कसून विरोध करणाऱ्यांत तेच अग्रभागीं होते. कानाचेंहि तसेंच. माशांत जबडा कवटीला टेकवून धरणारें एक हाड असतें. काठावर तें काम संपलें, तें आंत सरकलें, आंखूड झालें, आणि आज आपल्या कानांत रिकिबीच्या आकाराचें, तांदळाच्या कणीएवढें हाड होऊन आवाज आंत पोंचवतें. आणि कंठाकडे जाणारी एक मज्जातंतु पाहा. डोक्यांतून निघून थेट कंठांत जावें, तें सोडून ती छातींत उतरते, हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते व पुन्हां वर चढते. माशांत तिचा मार्ग कल्ल्यांकडे सरळ होता. पुढें मान लांबली, हृदय खालीं गेलें, आणि तंतु रक्तवाहिनीपलीकडे अडकून राहिली. आमच्या वहिनी पहाटे भूपाळी म्हणतात तो सूरहि हा वळसा घालूनच येतो. नव्यानें घर बांधणारा गवंडी अशी मांडणी करणार नाहीं. जुन्या वाड्याला खोल्या जोडीत गेलेल्या घरांतच माजघरांत जाण्यासाठीं परसदारानें फिरून यावें लागतें.

राहिला काकांचा मुद्दा. मत्स्य-कूर्म-वराह हा क्रम उत्क्रांतीच्या क्रमाशीं जुळतो, हें पुष्कळ विद्वानांनीं म्हटलें आहे आणि योगायोग म्हणून तो खरोखरच मोठा सुंदर आहे. परंतु आम्हांस जें खरें वाटतें तें वडिलांसमोरहि सांगणें भाग होतें. पुराणांतला मत्स्य मनूची नौका तारतो. त्याच्या पोटीं कूर्म जन्मत नाहीं. अवतार हा ईश्वराच्या कार्याचा विचार आहे, आणि उत्क्रांति हा वंशाचा. एकाच्या साक्षीवर दुसऱ्यास उभें केलें तर दोघांचेंहि वजन कमी होतें. आपल्या पूर्वजांस हें ठाऊक होतें असें म्हणून वही मिटली, तर मुलगा खडक फोडावयास कशाला जाईल? काका रागावतील असें वाटलें होतें. ते रागावले नाहींत, सुपारीचें खांड गालांत ठेवून त्यांनीं इतकेंच विचारलें, "हें सगळें ग्रीनलंड आणि कॅनडा झालें. आपल्याकडचें कांहीं आहे का?"

आहे, असें आम्हीं सांगितलें. पहिल्या पावलाचा दगड आपल्याकडे नाहीं. पण त्या आद्य चतुष्पादांच्या पुढच्या पिढ्यांतला, सुमारें पंचवीस कोटी वर्षांपूर्वींचा एक उभयचर विदर्भांत निघाला आहे. नागपूरच्या दक्षिणेस वर्धा नदीच्या खोऱ्यांत मांगली नांवाचें गांव आहे. गेल्यापूर्वींच्या शतकांत नागपुरास स्टीफन हिस्लॉप नांवाचे मिशनरी राहत. तेथील कॉलेजाला पुढें त्यांचेंच नांव मिळालें. धर्मप्रसाराबरोबर त्यांना दगड गोळा करण्याचा नाद होता. मांगलीच्या तांबूस दगडांत एक रुंद, आंखूड कवटी मिळाली. हिचेंहि वर्णन केलें त्याच ओवेनसाहेबांनीं, १८५५ सालीं, आणि तिला ब्रॅकिऑप्स असें नांव दिलें. पृष्ठवंशी प्राण्यांनीं काठ धरला त्यानंतरहि कोट्यवधि वर्षें कांहीं घराणीं पाण्याच्या आसऱ्यानें कशीं राहिलीं, तें ही कवटी सांगते. महाराष्ट्राच्या मातींतला हा आपल्या कुळाचा जुना कागद.

भाच्याचे डोळे चमकले. परत जातांना नागपूरवरून गेलें तर ती कवटी पाहतां येईल का, असें त्यानें विचारलें. ती लंडनला आहे, असें सांगावें लागलें.

"तीहि तिकडेच का!" काका म्हणाले, आणि ओहोटीची वेळ विचारून काठी शोधूं लागले; निवट्या त्यांना स्वतः पाहावयाच्या होत्या.